साक्षीदाराची खुर्ची

माझा भाऊ दहा वर्षं खासदार होता. त्याआधी बावीस वर्षं वकील होता, आणि आजही आहे. लोक मला त्याच्याबद्दल विचारतात तेव्हा त्यांना संसदेतल्या गोष्टी ऐकायच्या असतात. मी मात्र सांगायला बसले की आधी आमच्या बाबांवर येते. त्यांच्याशिवाय दादा कुणाला कळेल असं मला वाटत नाही.

बाबा कोर्टात बेलिफ होते. म्हणजे कोर्टाचं समन्स लोकांच्या घरी न्यायचं, हातात द्यायचं आणि सही घ्यायची. बेलिफ दारात दिसला की भरलेलं घर रिकामं होतं. लोक मागच्या दाराने पळायचे, न्हाणीघरात लपायचे. एका माणसाने तर स्वतःच दार उघडून स्वतःबद्दल सांगितलं होतं, "ते बाहेरगावी गेलेत." बाबा तिथेच पायरीवर बसले आणि म्हणाले, "बरं, येईपर्यंत थांबतो." अर्ध्या तासाने त्या माणसाने सही केली, वर चहाही पाजला. बाबा हे घरी येऊन रंगवून सांगत आणि दादा आणि मी पोट धरून हसायचो.

एक गोष्ट मात्र ते हसून सांगत नसत. साक्षीदाराला समन्स द्यायला त्यांना आवडायचं नाही. "आरोपीवर काहीतरी आरोप असतो," ते म्हणायचे. "साक्षीदाराने काय केलंय? त्याने फक्त पाहिलंय. आणि त्याबद्दल मी त्याचा दिवस बुडवायला जातो."

दादा शाळेत फार चमकला वगैरे नाही. कायद्याच्या परीक्षेत पहिल्यांदा नापासच झाला, तोही पुराव्याच्या कायद्यात. पुढे नावाजलेला वकील झाल्यावर मी चारचौघांत ही आठवण काढायचे आणि तो शांतपणे म्हणायचा, "दुसऱ्या वेळी पहिला आलो होतो, ते पण सांग." ते खोटं आहे. दुसऱ्या वेळी तो नुसता पास झाला.

त्याला कशाचीच घाई नसे. जेवताना मीठ हवंय का विचारलं तरी हा आधी विचार करणार. कोर्टात साक्षीदार गडबडला की दादा म्हणायचा, "सावकाश. सावकाश सांगा." त्यावरून बाररूममध्ये त्याचं नावच 'सावकाश' पडलं. एकदा भर कोर्टात न्यायाधीशांच्या तोंडून निघून गेलं, "हं, बोला सावकाश," आणि ते हाक मारताहेत की सूचना करताहेत हे न कळून सगळं कोर्ट त्यांच्याकडे बघत राहिलं. दादा मात्र सावकाश उठला आणि बोलला.

त्याची पहिली केस एका बेकरीवाल्याची होती. बेकरीच्या वरच्या मजल्यावर एक संगीतशिक्षिका राहायच्या. भट्टीच्या धुराने शिकवता येत नाही म्हणून त्यांनी दावा लावला होता. दादा बेकरीवाल्याचा वकील. नीट पाहणी करावी म्हणून तो त्या शिक्षिकेच्या खोलीत गेला, खिडकी उघडली आणि पाच मिनिटं खोकत बसला. खाली येऊन अशिलाला म्हणाला, "धुराडं सहा फूट वर न्या."

"तुम्ही माझे वकील आहात की तिचे?" बेकरीवाला भडकला.

"तुमचाच. म्हणून सांगतोय. ही केस आपण हरणार आहोत, आणि हरल्यावर दहा फूट न्यावं लागेल."

धुराडं वर गेलं, दावा मिटला. पुढची सगळी वर्षं बेकरीवाला आणि संगीतशिक्षिका दोघंही आपापली कामं दादाकडेच घेऊन आली.

त्याचं ऑफिस चष्म्याच्या दुकानाच्या वर होतं. जिना एकच. चष्म्याचं गिऱ्हाईक चुकून वर यायचं आणि वकिलाकडे आलेली माणसं चुकून खाली नंबर तपासून घ्यायची. वर दोन कपाटं, एक टेबल, पाठ टेकता येईल अशा चार खुर्च्या आणि खिडकीत वहिनीने आणून ठेवलेलं एक झाड, ज्याला पाणी घालायचं दादा रोज विसरायचा. वहिनी प्रसूतिगृहात नर्स होती. दिवसभर किंचाळणाऱ्या बायकांना धीर देऊन घरी आलेल्या माणसाला नवऱ्याच्या कोर्टातल्या अडचणींचं काय कौतुक असणार? दादा एखाद्या कठीण केसबद्दल बोलायला लागला की ती एकच विचारायची, "यात कुणी मरणार आहे का?" नाही म्हटलं की म्हणायची, "मग जेव."

त्याच्या वकिलीच्या पंधराव्या वर्षी ती केस आली. छापखान्यातला एक कामगार सायकलवरून घरी जाताना मालट्रकखाली सापडला आणि जागीच गेला. ट्रकमालक म्हणत होता, सायकलच आडवी आली. कामगाराची बायको दादाकडे आली. अपघात झाला त्या चौकात माणसं पुष्कळ होती, पण 'मी पाहिलं' म्हणायला एकच जण पुढे आली. कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानात काज-बटणं करणारी एक बाई, साठी ओलांडलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. ट्रक लाल दिवा तोडून आलेला तिने पाहिला होता.

तिला समन्स गेलं, ती आली. त्या दिवशी न्यायाधीश रजेवर. पुढच्या तारखेला समोरचा वकील आजारी. त्याच्या पुढच्या तारखेला कागद सापडेनात, मग एकदा दुसरीच केस लांबली. असं अकरा वेळा झालं. बाराव्या वेळी ती आली नाही, आणि नेमके त्याच दिवशी बाकीचे सगळे हजर होते. कोर्टाने पुरावा बंद केला, म्हणजे आता आणखी साक्ष नाही, आणि दावा फेटाळला गेला.

दादाला मी आयुष्यात दोनतीनदाच चिडलेलं पाहिलंय. त्यातला हा एक दिवस. आम्ही दोघं मिळून बाबांना डॉक्टरकडे नेणार होतो, म्हणून मी कोर्टापाशी थांबले होते. तो काळ्या कोटातच बाहेर आला आणि म्हणाला, "आधी एके ठिकाणी जाऊ."

त्या बाईची खोली एका लांब गॅलरीच्या टोकाला होती. ती खिडकीशी बसून शर्टांना बटणं लावत होती. बाजूला शर्टांचा ढीग.

"मावशी, आज तुम्ही आला नाहीत," दादा म्हणाला.

"नाही आले."

"केस गेली."

तिने सुई थांबवली. "गेली म्हणजे?"

"फेटाळली. तुमची साक्ष झाली असती तर..."

"वकीलसाहेब, मी अकरा वेळा आले," ती म्हणाली. आवाजही चढवला नाही. "अकरा वेळा सकाळी दहापासून व्हरांड्यात उभी राहिले. बाक एकच, त्यावर पोलीस बसलेले. पाणी प्यायला गेले आणि तेवढ्यात पुकारा झाला तर, म्हणून पाणीसुद्धा प्यायले नाही. संध्याकाळी कुणीतरी येऊन म्हणायचं, जा आता, पुढची तारीख. शिंप्याने दोनतीनदा ऐकून घेतलं, मग मला कामावरून काढलं. आता हे घरी आणते. तुम्हाला एक विचारू?"

"विचारा."

"मला आत किती वेळ बोलायचं होतं?"

"पाच मिनिटं."

"मग पाच मिनिटांसाठी मी अकरा दिवस का उभी होते?"

त्या अकराही दिवशी दादा कोर्टात होता. आत, पंख्याखाली, खुर्चीवर. ती बाहेर आहे हे त्याला माहीत होतं, पण ती उभी आहे हे त्याच्या एकदाही मनात आलं नव्हतं. हे त्याने मला नंतर सांगितलं. त्या दिवशी तो फक्त "चुकलं" एवढंच म्हणाला आणि आम्ही जिना उतरलो. दवाखान्यात बाबांचा नंबर येईपर्यंत तो त्यांचा हात धरून बसून होता. बाबांना वाटलं, आपलंच काही गंभीर आहे.

त्याने अपील केलं. वरच्या कोर्टाने साक्ष नोंदवून घ्या असा हुकूम दिला. दादा पुन्हा त्या गॅलरीत गेला. मावशींनी एकच अट घातली: "बसायला मिळेल?"

त्या दिवशी सकाळी काळा कोट घातलेला एक पन्नाशीकडे झुकलेला वकील चष्म्याच्या दुकानाच्या जिन्यावरून खुर्ची घेऊन उतरला आणि डोक्यावर धरून दोन चौक ओलांडून कोर्टात गेला. व्हरांड्यात कारकुनाने अडवलं.

"बाहेरचं सामान इथे ठेवायला परवानगी लागते."

"अर्ज देतो," दादा म्हणाला, आणि तिथल्या तिथे भिंतीला कागद टेकवून त्याने अर्ज लिहिला.

कारकुनाने तो उलटसुलट पाहिला. "यावर निर्णय व्हावा लागेल."

"होऊ दे. तोवर खुर्ची इथेच ठेवतो."

त्या अर्जावर निर्णय अजून झालेला नाही. मावशी मात्र खुर्चीवर बसल्या. दुपारी पुकारा झाला, आत गेल्या आणि चार मिनिटांत जे पाहिलं ते सांगून मोकळ्या झाल्या. समोरच्या वकिलाने उलटतपासणीत विचारलं, "तुम्हाला चष्मा आहे, तरी एवढ्या लांबून दिवा दिसला?"

"चष्मा आहे म्हणूनच दिसला," त्या म्हणाल्या.

केस जिंकली. छापखान्यातल्या कामगाराच्या बायकोला तिचा न्याय मिळाला, आणि दादाच्या डोक्यात एक किडा शिरला तो शिरलाच. साक्षीदाराला ठरलेली वेळ द्यावी, तहकुबी आदल्या दिवशी कळवावी, हजेरीची चिठ्ठी द्यावी म्हणजे त्याची नोकरी जाणार नाही, आणि बसायला खुर्ची द्यावी. यावर तो वर्तमानपत्रांना पत्रं लिहायचा, वकिलांच्या बैठकीत बोलायचा. सगळे माना डोलवायचे आणि चहा संपवून निघून जायचे.

आता तो खासदार कसा झाला ते. तो कधी राजकारणात शिरला असं म्हणताच येणार नाही. आमच्या भागातल्या एका पक्षाचा अध्यक्ष बसगाड्यांचा मालक होता आणि दादाचा जुना अशील. निवडणुकीचे अर्ज तपासण्याचं काम तो दादाला द्यायचा. अर्जात एखादी सही राहिली तर उमेदवारी जाते, म्हणून मुख्य उमेदवाराबरोबर एक पर्यायी उमेदवारही अर्ज भरतो. मुख्य अर्ज मंजूर झाला की तो मागे घेतो. हा पर्यायी अर्ज दर वेळी दादाच भरायचा, कारण त्याचे कागद कायम तयार असायचे. आणि त्याच्या अर्जावर सूचक म्हणून दर वेळी सही माझी.

त्या वर्षी मुख्य उमेदवार होता एक निवृत्त गोलकीपर. सगळे त्याला गोलकीपरच म्हणत. सहा फूट उंच, हसतमुख, लहान मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांचा लाडका. त्याच्याकडे सरकारी क्रीडा मंडळाचं एक पद होतं, त्याचा राजीनामा देणं भाग होतं. दादाने त्याला तीनदा बजावलं, "राजीनामा दिला हे पुरेसं नाही. तो स्वीकारल्याचं पत्र हवं."

"येतंय, येतंय," गोलकीपर म्हणायचा.

छाननीच्या दिवशी राजीनामा होता, पत्र नव्हतं. विरोधकांच्या वकिलाने बरोबर तिथेच बोट ठेवलं.

मी त्या खोलीत होते. लांब टेबल, मध्ये निवडणूक अधिकारी, चष्मा पुसत बसलेल्या एक शांत बाई. दादा उठला आणि गोलकीपरचा अर्ज मंजूर व्हावा म्हणून त्याने तीन तास युक्तिवाद केला. मी त्याला इतका तळमळून बोलताना कधी ऐकलं नव्हतं. जुने निकाल काढले, शब्दांचे अर्थ लावले, पद कसं नावापुरतं आहे ते मांडलं. घाम पुसत होता. शेवटी त्या बाईंनी विचारलं, "वकीलसाहेब, हा अर्ज बाद झाला तर पर्यायी उमेदवार कोण आहे?"

दादाने हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाला, "मीच."

"म्हणजे गेले तीन तास तुम्ही स्वतःच्या विरुद्ध भांडताय?"

"हो."

"ते दिसलं मला," त्या म्हणाल्या, आणि गोलकीपरचा अर्ज त्यांनी फेटाळला. नियमाप्रमाणे त्यांचं बरोबरच होतं. दादा खाली बसला आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. परीक्षेत नापास झाला होता तेव्हा असाच चेहरा होता.

गावभर कुजबुज झाली की वकिलाने मुद्दाम पत्र राहू दिलं. दादाच्या ते फार जिव्हारी लागलं. पण गोलकीपर सच्चा माणूस. त्याच संध्याकाळी तो घरी आला, वहिनीकडे पाणी मागितलं आणि म्हणाला, "चूक माझी आहे. मी सगळ्यांना सांगणार." आणि खरंच, महिनाभर तो दादाबरोबर दारोदार फिरला. प्रत्येक ठिकाणी तेच सांगायचा: "बॉल माझ्या हातून सुटला. नशीब, मागे हा उभा होता."

दादाची भाषणं म्हणजे मात्र सोहळाच होता. पहिल्याच सभेत तो म्हणाला, "विरोधी उमेदवाराच्या म्हणण्यातही तथ्य आहे," आणि मग ते तथ्य काय ते दहा मिनिटं समजावून सांगितलं. अध्यक्षांनी व्यासपीठावरच कपाळाला हात लावला. दुसऱ्या सभेत एकाने ओरडून विचारलं, पाण्याचं काय करणार? दादा विचार करायला लागला. पूर्ण सभा तो विचार करताना बघत बसली. शेवटी म्हणाला, "माहीत नाही. तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं?"

तिसऱ्या सभेनंतर वहिनीने निकाल लावला. "तुम्ही बोलू नका. तुम्हाला ऐकता चांगलं येतं, तेच करा."

मग त्यांनी बाजारात एक टेबल आणि ऑफिसातल्या खुर्च्या मांडल्या. लोक यायचे, बसायचे, दादा लिहून घ्यायचा. "सावकाश सांगा." त्यांची मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची होती. ती लोकांचे नंबर लावायची आणि मध्येच रस्त्यावरच्या कुत्र्यांना बिस्किटं घालायची. दादा तीनशे नव्वद मतांनी निवडून आला. फेरमोजणी मागितली गेली. त्यात मतं तीनशे चौऱ्याण्णव झाली.

राजधानीत त्याला सदस्यांच्या इमारतीत दोन खोल्या मिळाल्या. वहिनीने नोकरी सोडायला साफ नकार दिला, म्हणून तो तिथे एकटा राहायचा आणि रविवारी फोनवर अंडी किती मिनिटं उकडायची ते विचारायचा. पहिल्या भाषणाला त्याला तीन मिनिटं मिळाली होती. तो दोन मिनिटांत मुद्दा मांडून खाली बसला. सभापती घंटेवर हात ठेवून तयारीत होते, ते तसेच राहिले. असा सदस्य त्यांनी फारसा पाहिला नसावा, कारण त्यानंतर ते दादाला बोलायला नेहमी वेळ देऊ लागले.

तिथे त्याची मैत्री झाली समोरच्या बाकावरच्या एका डॉक्टरीणबाईंशी. वयाने मोठ्या, चार वेळा निवडून आलेल्या, विरुद्ध पक्षाच्या. दुपारी ग्रंथालयात दोघं शेजारी बसून वाचायची. दादाने साक्षीदारांबद्दलचं एक पानाचं खाजगी विधेयक, म्हणजे सरकारने नव्हे तर सदस्याने स्वतः मांडायचं, तयार केलं, ते त्यांना दाखवलं.

"कलमं किती?" त्यांनी विचारलं.

"चार."

"अजून एक घाला."

"कशाला? मला चारच हवीत."

"सरकारला काहीतरी गाळायला लागतं हो. त्याशिवाय त्यांना विधेयक आपलं वाटत नाही."

"खोटं कलम मी घालणार नाही," दादा म्हणाला.

"मग खऱ्यातलं एक जाईल. माझ्या पक्षाची मतं मी बघते."

खाजगी विधेयकांचा नंबर चिठ्ठ्या टाकून लागतो. दादाचा नंबर यायला तीन वर्षं लागली. शुक्रवारची दुपार, सभागृहात जेमतेम चाळीस माणसं. मी प्रेक्षकांच्या गॅलरीत बसून ऐकत होते. दादाने मावशींची गोष्ट सांगितली, जशी घडली तशी, स्वतः आत पंख्याखाली बसला होता हेही. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण एक एक करून सदस्य उठले आणि प्रत्येकाने आपापल्या भागातली अशीच एक गोष्ट सांगितली. एक जण म्हणाला, "मी स्वतः साक्षीदार होतो, नऊ वेळा." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शवविच्छेदनाची साक्ष द्यायला मी सहा वेळा गेले. माझे रोगी तिकडे खोळंबले." कायदामंत्र्यांनी भावना समजते असं सांगितलं आणि सरकार विचार करेल म्हणून विधेयक मागे घ्यायची विनंती केली. दादाने घेतलं.

मी बाहेर येऊन त्याच्यावर चिडले. "एवढं सगळं करून मागे घेतलंस?"

"मतदान झालं असतं तर पडलं असतं," तो म्हणाला. "पडलेलं विधेयक कुणी उचलत नाही. मागे घेतलेलं उचलतात."

पुढच्या निवडणुकीत तो आठ हजारांनी निवडून आला. आणि त्यानंतर तीन वर्षांनी सरकारने कोर्टाच्या कामकाजाचं मोठं विधेयक आणलं, त्यात चौतिसावं कलम साक्षीदारांचं होतं. वेळ, आदल्या दिवशी कळवणं, हजेरीची चिठ्ठी. तिन्ही गोष्टी, जवळजवळ दादाच्याच शब्दांत. खुर्ची गाळली होती.

दादाने घरी फोन करून हे सांगितलं तेव्हा वहिनी पलीकडून म्हणाली, "सगळे तिथे खुर्चीसाठी भांडतात. तुम्ही एकटेच दुसऱ्याच्या खुर्चीसाठी भांडलात, मग कशी मिळणार?" दादा इतका हसला की फोन खाली ठेवावा लागला.

खुर्चीचं त्याने वेगळ्या वाटेने केलं. नव्या कोर्ट इमारतींचे नकाशे मंजूर करणाऱ्या समितीत तो होता. तिथल्या अभियंत्याला त्याने विचारलं, "व्हरांड्यात साक्षीदारांसाठी वेगळी खोली काढायला कायदा लागतो का?"

"नाही. नकाशा लागतो," अभियंता म्हणाला.

आता नव्या इमारतींत ती खोली असते. खुर्च्या, पाणी, पंखा आणि दारावर वेळा लावलेला फलक. सगळीकडे वेळ पाळली जाते असं नाही. पुष्कळ ठिकाणी पाळली जाते.

कायदा छापून आल्यावर दादा ते पान घेऊन मावशींकडे गेला. मीही गेले. त्या आता भाचीकडे राहायला गेल्या होत्या, ऐंशीला टेकलेल्या, पण बटणं चालूच. दादाने चौतिसावं कलम वाचून दाखवलं.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"थोडं मी, थोडं सरकारने."

"भाषा अवघड आहे," त्या म्हणाल्या. "पण बरं केलंत. आता एवढा दोरा ओवून द्या, भाचीची वाट बघत बसले होते." दादाने चष्मा वर केला आणि चौथ्या प्रयत्नात दोरा ओवला.

तिसऱ्या निवडणुकीत तो पडला. चांगला सतरा हजारांनी. समोर एक तरुण इंजिनिअर मुलगी होती, तिने नदीवरच्या पुलाचं आश्वासन दिलं होतं. दादा म्हणाला होता, "पुलाचं काम माझ्या हातात नाही, मी खोटं सांगणार नाही." तिने निवडून आल्यावर पूल करून दाखवला. पुलावरून पहिल्यांदा जाताना दादा मला म्हणाला, "हिच्या हातात होतं म्हणायचं." त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता; त्याला पूल मनापासून आवडला होता, रेलिंगला हात लावून लावून बघत होता. हरल्याच्या रात्री तो गाढ झोपला आणि चौथ्या दिवशी चष्म्याच्या दुकानाचा जिना चढून कामाला लागला. वरचं झाड वहिनीच्या कृपेने जिवंत होतं.

मी एकदा त्याला विचारलं, "खासदारकी आवडली की वकिली?"

नेहमीप्रमाणे विचार केला. "वकिलीत एका माणसाचं काम होतं आणि तो माणूस समोर दिसतो. तिकडे पुष्कळ माणसांचं होतं, पण कुणाचं झालं ते कळत नाही. दोन्ही करायला मिळालं, हे बरं झालं."

आता तो एकाहत्तर वर्षांचा आहे. आठवड्यातून तीन दिवस कोर्टात जातो. त्याची मुलगी प्राण्यांची डॉक्टर झाली. तिच्या दवाखान्यात रविवारी मदतनीस सुट्टीवर असते, तेव्हा दादा बाहेरच्या टेबलावर बसून आलेल्यांची माहिती लिहून घेतो. गेल्या रविवारी मी तिथे होते. एक गृहस्थ लंगडणारं मांजर घेऊन आले होते.

"हे कधीपासून लंगडतंय?" दादाने विचारलं.

"कालपासून."

"काल तुम्ही स्वतः पाहिलंत, की घरच्यांनी सांगितलं?"

"बायकोने सांगितलं."

"मग त्यांना का नाही आणलं?"

आतून मुलीचा आवाज आला, "बाबा, मांजराला आत पाठवा. त्याची उलटतपासणी मी घेते."

गृहस्थ हसले. दादाने रजिस्टरमध्ये 'ऐकीव माहिती' असं लिहून त्याखाली एक रेघ मारली, मांजराला दोन्ही हातांनी नीट उचललं आणि आत नेऊन दिलं.